स्कूटरवर बसणारा कॅमेरा

आमच्या कॅमेऱ्याला भोक पडलंय ही बातमी मला मिरी रस्त्यावरच्या एका बाबांनी दिली.

त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा फोटो मी आठवडाभर आधी काढला होता आणि तो द्यायला त्यांच्या वस्तीवर गेले होते. बाबांनी फोटो हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग पुन्हा लांब नेला. फोटोत उजव्या कोपऱ्यातून एक पांढरा पट्टा निघून थेट त्यांच्या फेट्यावर उतरला होता.

"बाई, मह्या डोक्यावर देवानं ब्याटरी मारलीय का काय?" त्यांनी विचारलं.

"मारली आसंल," त्यांची बायको म्हणाली. "आत काय हाय का न्हाई ते बघत आसंल."

दोघं इतकी हसली की फोटो बिघडलाय हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. तरी मी म्हटलं, दुसरा काढून देते. बाबा तयार होईनात. "ह्योच ऱ्हाऊ द्या. गावात दुसऱ्या कुनाकडं असा न्हाई."

मी घरी आले ती मात्र काळजीत. तो उजेड देवाचा नव्हता. कॅमेऱ्याच्या भात्यातून शिरलेला होता.

मी तिसगावात तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर काय करायचं हे ठरवायची वेळच आली नाही, कारण निवृत्तीच्या आधीच्याच वर्षी एका विद्यार्थिनीनं मला तिच्या आजी-आजोबांचा फोटो काढायला बोलावलं होतं. लग्नाला साठ वर्षं झालेली ती दोघं, आणि दोघांचा मिळून एकही फोटो नाही. आजोबांचा रेशनकार्डावरचा, आजींचा बँकेच्या पासबुकावरचा, बस्स. मी गावात विचारत गेले तर अशी किती तरी जोडपी निघाली. तेव्हापासून मी हेच करते. जोडप्यांना त्यांच्याच दारात बसवायचं, एक फोटो काढायचा आणि त्याची एक प्रत त्यांना नेऊन द्यायची.

लोक म्हणतात, मोबाईल आहे की. आहे, पण मोबाईल समोर आला की ही माणसं तोंड फिरवतात नाही तर बोलतच राहतात. माझा कॅमेरा उभा राहिला की पदर नीट होतो, टोपी सरळ होते, श्वास थांबतो. तो कॅमेराच तसा आहे. पुढे लेन्सची पाटी, मागे दुधी काच आणि मध्ये बाजाच्या पेटीसारखा घड्या पडलेला चामड्याचा भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवर उमटलेलं चित्र बघायचं. ते उलटं दिसतं, माणसं डोक्यावर उभी. पुढची पाटी वर-खाली सरकवली की दाराची चौकट ओळंब्यात येते, वाकडी दिसत नाही. सगळं जमलं की काचेपाशी फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची पातळ झाकणी ओढून काढायची आणि मग बटण दाबायचं. फिल्म चार इंच बाय पाच इंच, आणि एका वेळी एकच फोटो.

ही फिल्म विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून मी एक्स-रेची फिल्म वापरते. नगरला दवाखान्यांना माल पुरवणारे एक दुकानदार आहेत, त्यांच्याकडून मोठा पुडा आणायचा आणि घरी लाल दिव्याखाली एकेका फिल्मचे चार तुकडे करायचे. तुकडे करण्याचं काम माझे यजमान करतात. ते नगरच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांनी कापलेल्या तुकड्यात केसभरही फरक नसतो.

तर त्या दिवशी त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीवर गोधडी लावली, मोबाईलची बॅटरी पेटवून भात्याच्या आत ठेवली आणि मला हाक मारली. अंधारात भात्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते. आम्ही सात मोजले.

त्यांनी काळं कापड आणि रबराचा डिंक लावून साती भोकं बुजवली. महिन्याभरात आणखी पाच पडली. भाता जुन्या साडीसारखा झाला होता, एकीकडे टाका घातला की दुसरीकडे उसवायचा. हा कॅमेरा मला कला महाविद्यालयातल्या माझ्या सरांनी दिला होता, तेव्हाच तो म्हातारा होता. सागवानी लाकडातले स्क्रू आता नुसते फिरायचे आणि लेन्सची पाटी हळूहळू पुढे मान टाकायची.

"अगं, याला आता रिटायर कर," यजमान म्हणाले. "तू झालीस, मी झालो. यानंच काय घोडं मारलंय?"

मला ते ऐकून जरा वाईट वाटलं आणि पाच मिनिटांनी मनातल्या मनात मी नवा कॅमेरा शोधायलाही लागले. माणूस असाच असतो.

आम्ही दोघांनी बसून अटी ठरवल्या. पहिली अट, कॅमेरा माझ्या स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये मावला पाहिजे, कारण वस्त्यांवर जायला माझ्याकडे तेच वाहन. दुसरी, माझे जुने होल्डर त्यात बसले पाहिजेत. तिसरी अट माझ्या लेन्सची. ती एका बंद पडलेल्या छापखान्यातली पितळी लेन्स आहे, हातात घेतली तर वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. तिचं वजन पेलेल अशी पाटी हवी. चौथी अट किमतीची होती, आणि ती यजमानांनी त्यांच्या भाषेत सांगितली. त्यांचं लहानपण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलं. वडिलांबरोबर ते तिथे जात, त्यामुळे मोठी खरेदी म्हटली की त्यांचं माप म्हैस.

"अर्ध्या म्हशीच्या वर जायचं नाही," ते म्हणाले.

पहिल्यांदा मी ज्याच्या प्रेमात पडले तो दीड म्हशीचा होता. मुंबईचे एक गृहस्थ जपानी बनावटीचा लाकडी कॅमेरा विकत होते. मधाच्या रंगाचं लाकूड, पितळेच्या बिजागऱ्या, घडी घातली की पोळपाटाएवढा. त्याचे फोटो मी मोबाईलवर इतक्या वेळा बघितले की यजमानांनी एकदा चहा देताना विचारलं, "आज कसा आहे तो?" पंधरा दिवस आमचं दोघांचं बोलणं चाललं, माझं आणि त्या विक्रेत्याचं. किंमत दीड म्हशीवरून एकीवर आली. अर्धी म्हैस मी साड्या न घेता भरून काढीन असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

यजमान एवढंच म्हणाले, "भात्यात दिवा लावून फोटो पाठवायला सांग. जनावर घेताना दात बघतात."

मी तसं लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "मॅडम, कॅमेरा विकला गेला." त्या संध्याकाळी मी मोबाईल हातात घेतला नाही. नंतर पिठलं-भाकरी केली आणि बरं वाटलं.

दुसरा उमेदवार प्लास्टिकचा होता. पुण्यात एक तरुण इंजिनिअर बाई घरीच थ्रीडी प्रिंटरच्या मशीनवर कॅमेऱ्याचे भाग छापून जोडतात असं समजलं. छापलेला कॅमेरा ही कल्पनाच मला पटत नव्हती, पण एसटीनं जाऊन भेटून आलो. बाई फार गोड. स्वतःच्या हातानं भाता दुमडून चिकटवतात, आणि तो दाखवताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मला माझ्या चांगल्या विद्यार्थिनी आठवल्या. किंमत आमच्या मापात होती आणि वजन तर दीड किलोसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "काकू, आठ दिवस वापरून बघा. आवडला तर ठेवा." ओळख ना पाळख, आणि त्यांनी तो पिशवीत घालून दिला.

घरी आल्यावर मी त्याला गच्चीत उभा केला. माझी छापखान्याची लेन्स लावली. पाटीनं एकदा मान हलवली आणि खाली बघायला लागली. यजमानांनी तिला पट्टीचा टेकू दिला. मग वारा आला. आमच्याकडे माघात ज्वारीवरून येणारा वारा असतो, त्यात तो कॅमेरा थंडीत कुडकुडल्यासारखा हलत राहिला. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या बाईच म्हणाल्या, "काकू, तुमची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला झेपणार नाही. हलकी लेन्स घ्या, किंवा दुसरा कॅमेरा बघा. मला वाईट वाटणार नाही." आठव्या दिवशी कॅमेरा कुरिअरनं परत पाठवला. सोबत दोन किलो बाजरीचं पीठ दिलं. त्यांनी भाकरी करून तिचा फोटो पाठवला. भाकरी कॅमेऱ्याइतकी जमली नव्हती.

तिसऱ्याचा पत्ता एक्स-रे फिल्मवाल्या दुकानदारांनी दिला. मी पुडा घ्यायला गेले तेव्हा त्यांना माझं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "माळीवाड्याकडे एक फोटोवाले काका राहतात. पूर्वी मोठा स्टुडिओ होता त्यांचा. त्यांच्याकडे तसलं काही तरी पडलंय. पण ते विकतील असं वाटत नाही. तीन जणांना परत पाठवलंय."

काका ऐंशीच्या पुढचे होते. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. आम्ही दार वाजवलं तेव्हा इस्त्रीचा सफारी घालून बसलेले, जणू गिऱ्हाईकाचीच वाट बघत होते. कॅमेरा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टँडवर उभा होता आणि त्याच्यावर दोन टॉवेल वाळत होते. सूनबाईंनी ते घाईघाईनं काढले.

लाकूड नाही, पितळ नाही. एक जाड लांब दांडा, त्यावर दोन लोखंडी चौकटी आणि मध्ये काळा भाता. मधाच्या रंगाचं स्वप्न बघितलेल्या माणसाला तो गवंड्याच्या सामानासारखा दिसला. पण यजमान पुढे झाले, त्यांनी एक चावी फिरवली आणि चौकट हलवून बघितली. चावी आवळल्यावर ती जागची हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लग्नात माझ्याकडे बघतानाही बघितलं नव्हतं.

भात्यात दिवा लावायला मी विचारणार तोच काकांनी स्वतः टॉर्च आणली, खिडकीचा पडदा ओढला आणि आत उजेड सोडला. एकही ठिपका नाही. "चाळीस वर्षं खोलीच्या बाहेर गेलेला नाही हा," ते म्हणाले. "ऊन बघितलेलं नाही त्यानं."

"काका, किती सांगता?" यजमानांनी विचारलं.

"किंमत नंतर. बाई, तुम्ही याच्यावर फोटो काढून दाखवा. मी बघतो. मग सांगतो."

बाहेर जिन्यात यजमान मला हळूच म्हणाले, "कांदेपोह्यांना आलो होतो आपण. पण बघायचा कार्यक्रम तुझा झाला."

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि काकांना नगरहून उचललं. तोच सफारी, खिशात कंगवा आणि हातात पावडरचा एक छोटा डबा. करंजी घाट उतरताना ते खिडकीला नाक लावून बसले होते. कॅमेरा मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून त्यांच्याशेजारी होता आणि वळण आलं की ते त्याला हातानं धरत.

घाटाखालच्या एका वस्तीवर मी एका जोडप्याला आधीच सांगून ठेवलं होतं. थोडी ज्वारी, चार शेळ्या, दोन खोल्यांचं घर आणि निळं दार. बाबा कोरं धोतर नेसून तयार होते. आजी हिरव्या नऊवारीत होत्या आणि त्यांनी दारासमोर सडा घातला होता. दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि दोन्हींच्या मध्ये एक शेळी आरामात जाईल एवढं अंतर.

मी माझी लेन्स लावून कॅमेरा उभा करेपर्यंत काकांनी ताबा घेतला. आजींना पावडर लावू का विचारलं. आजींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की डबा खिशात गेला. मग ते बाबांकडे वळले.

"जरा जवळ सरका."

"हितं बरं हाय," बाबा म्हणाले.

"लग्नाची बायको आहे ना?"

"हाय की. म्हनून तर हितं बसलोय."

काकांनी बाबांसकट खुर्ची धरली आणि सरकवली. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण खुर्ची सरकली. "आता यांच्या खांद्यावर हात ठेवा."

आजी समोर बघतच म्हणाल्या, "पन्नास वर्सांत ठिवला न्हाई. आता ठिवला आन् पाऊस पडला म्हंजी? ज्वारी काढायची हाय अजून."

बाबांनी तापलेल्या तव्याला लावावा तसा हात आजींच्या खांद्याला लावला. मी काळ्या कापडाखाली शिरले. आत ती दोघं उलटी होती, निळं दार खाली लोंबत होतं आणि कॅमेरा माझ्या हाताखाली लोण्यासारखा सरकत होता. पाटी थोडी वर केली, दाराची चौकट सरळ झाली. मागची काच जराशी वळवली, आजींच्या बांगड्या आणि बाबांच्या मिशा दोन्ही एकदम स्पष्ट झाल्या. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर यालाच पंधरा मिनिटं लागायची. बाहेर वारा सुटला होता. यजमान छत्री उघडून कॅमेऱ्याच्या बाजूला आडोसा धरून उभे होते.

मी बाहेर आले, होल्डर सरकवला, म्हटलं, "आता हलायचं नाही हं." आणि बटण दाबलं.

"झालं का?" बाबांनी हात झटकन काढून घेत विचारलं.

तेवढ्यात काका माझ्या कानाशी अगदी हळू बोलले. "बाई, झाकणी."

मी बघितलं. होल्डरची झाकणी जागच्या जागी होती. ती मी ओढलीच नव्हती. तेहतीस वर्षं मुलांना नीट लक्ष द्या म्हणून ओरडले आणि परीक्षकासमोर मी स्वतः हे केलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण काय सांगावं हे एक क्षणभर मनात घोळलं. मग मी सरळ सांगून टाकलं. "नाही झालं, बाबा. माझी चूक झाली. झाकण काढायचं विसरले. परत काढू."

"म्हंजी परत हात ठिवायचा?" बाबांचा चेहरा पडला.

"ठिवा की," आजी म्हणाल्या. "येकदा ठिवला तर काय झिजला का?" आणि त्यांनी स्वतःच बाबांचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि तो परत निसटू नये म्हणून वरून आपला हात दाबून धरला. बाबा कॅमेऱ्याकडे बघायचं विसरून आजींकडे बघायला लागले. या खेपेला मी झाकणी ओढली होती. बटण दाबलं.

यजमानांनी छत्री मिटली.

मग आजींना आत काय दिसतं ते बघायचं होतं. मी बाबांना खुर्चीतच बसायला सांगितलं आणि आजींना काळ्या कापडाखाली घेतलं. काका जरा दचकले. त्यांच्या धंद्याचा नियम होता म्हणे, गिऱ्हाइकाला काचेत बघू द्यायचं नाही, नाही तर त्याला वाटतं यात काय अवघड आहे.

"अगं बया, उलटे दिसत्यात हे," कापडाखालून आजींचा आवाज आला. "असंच टांगाया पायजे हुतं ह्यास्नी."

त्यांच्यानंतर बाबांची पाळी. आजी खुर्चीत बसल्या. बाबा आत गेले ते बाहेर येईनात.

"काय दिसतंय?" आजींनी विचारलं.

"दिसतंय," ते आतून म्हणाले. आणखी मिनिटभर ते तिथेच होते.

काकांना हे सगळं बघून काय वाटलं ते कळेना. त्यांनी आजींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मागून घेऊन खाल्ली, पण कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. परतीच्या वाटेवर घाट चढून वर आल्यावर ते बोलले.

"एकदा माझ्याकडे एक बडे गृहस्थ आले होते, साखर कारखान्यातले. सोबत दहा माणसं. मी असाच घाबरलो. झाकणी राहिली. ते निघून गेल्यावर कळलं. मी निरोप पाठवला की साहेब, तुमचे डोळे मिटले होते, परत यावं लागेल." घसरलेली चादर त्यांनी कॅमेऱ्यावर नीट केली. "ते आले परत. पण फोटोत डोळे इतके वटारून बसले की घरच्यांनी तो लावलाच नाही. मी खोटं बोललो आणि फोटो वाईट निघाला. तुम्ही खरं बोललात, आणि तुमचा आज चांगला निघणार."

"निघू तर द्या काका," मी म्हटलं.

"निघेल. घेऊन जा कॅमेरा."

किंमत त्यांनी सांगितली तेव्हा यजमानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काका, एवढ्यात रेडकूसुद्धा येत नाही." आणि मग आमच्या गाडीत उलटा सौदा सुरू झाला. यजमान किंमत वाढवत होते, काका कमी करत होते. मी मध्ये पडले नाही. शेवटी काका चिडले आणि म्हणाले की आणखी वाढवाल तर देणारच नाही. तिथे सौदा ठरला. वर एक अट त्यांनी घातली, अधूनमधून मलाही न्यायचं. ती आम्ही लगेच मान्य केली.

फोटो त्याच दुपारी धुतला. न्हाणीघराच्या खिडकीवर गोधडी, लाल दिवा आणि ताटात औषध. एक्स-रेची फिल्म दोन्ही बाजूंनी नाजूक, नख लागलं तरी ओरखडा, म्हणून मी ती बोटांच्या पेरांनी हलवत होते. आधी दाराची चौकट उमटली, सरळ, मग आजींच्या बांगड्या, मग तो एकावर एक ठेवलेला हातांचा जोड. यजमान दाराबाहेरून विचारत होते, "पट्टा आहे का? पट्टा?" पट्टा नव्हता. मी आतल्या आत गाणं म्हणत होते असं ते नंतर म्हणाले. मला आठवत नाही.

राहिला प्रश्न पहिल्या अटीचा. कॅमेऱ्याचा दांडा इतका लांब होता की स्कूटरवर आडवा ठेवला तर समोरून येणाऱ्याला लागेल आणि उभा ठेवला तर मला रस्ता दिसणार नाही. यजमान दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तुला एवढा भाता कधी ताणावा लागतो का?" नाही लागत. इतका ताण फुलातल्या मुंगीचा फोटो काढायला लागतो आणि मी माणसांचे काढते. "मग दांडा अर्धा कापू या."

मी काकांना फोन केला. दांडा कापू का विचारलं. मग ते म्हणाले, "करवत कोण धरणार आहे?" मी सांगितलं. "मग कापा," ते म्हणाले. पण कापताना त्यांनी फोन चालू ठेवायला लावला आणि करवतीचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

कापलेलं टोक यजमानांनी कानशीनं असं घासलं की ते कारखान्यातूनच तसं आल्यासारखं वाटावं. नंतर प्लायची पेटी केली, आतून जुन्या रजईचं अस्तर लावलं आणि पट्ट्यानं स्कूटरला बांधायची सोय केली. पहिल्या फेरीला त्यांनी पेटीत कॅमेरा ठेवू दिला नाही. तेवढ्याच वजनाची ज्वारी भरली आणि मला करंजीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर पेटी उघडून एक दाणा तरी बाहेर सांडलाय का ते बघितलं. नव्हता.

मग मी एकटीच त्या घाटाखालच्या वस्तीवर फोटो द्यायला गेले. कॅमेरा बरोबर होता, उगाच आपला, असावा म्हणून. आजींना मी आधीच सांगून टाकलं की या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून कुंकू काळं आलंय, घाबरू नका. आजींनी फोटो पदरानं पुसला, जरी त्याच्यावर काही नव्हतं, आणि बराच वेळ बघितला.

"ह्यो हात मव्हा हाय," त्या बाबांना दाखवत म्हणाल्या. "आन् खालचा तुमचा. धरून ठिवलाय मी, बघा. सुटला आस्ता."

"कुठं जानार हुता सुटून?" बाबा म्हणाले.

तोवर शेजारच्या वस्तीवरची दोन जोडपी बांधावरून चालत येताना दिसली. एका बाईच्या डोक्यावर खुर्ची होती. आजींनी अंगणातूनच ओरडून सांगितलं की सावकाश या, बाई कुठं जात न्हाईत, आन् येताना धुतलेली टोपी घाला. मी पेटीचा पट्टा सोडला. माझ्याकडे तीन होल्डर भरलेले होते, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक फिल्म, म्हणजे सहा फोटो. बाबांनी न सांगता निळ्या दारासमोरचं अंगण झाडायला घेतलं, आणि आजी मला विचारत होत्या, स्टँडचे पाय रोवायला दगडं आणू का मोठी दोन.